बाईंच्या बाजूची काच

मास्तरांनी मफलर कानांवरून गुंडाळला, हातमोजे चढवले, "हं, निघू या," म्हणाले, आणि बाईंनी नेहमीप्रमाणे आपल्या बाजूचं हँडल गरागरा फिरवून खिडकीची काच तळापर्यंत खाली केली.

सकाळचे सात वाजले होते. बाहेर धुकं होतं आणि थंडी अशी होती, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"गार वारा येतोय, बाई."

"असू दे ना. मला मोकळं बरं वाटतं."

बाईंचं नाक लाल झालं होतं आणि स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडली होती. मोकळं बरं वाटणारं माणूस काही असं दिसत नाही. मास्तरांनी मफलर आणखी एक वेढा घट्ट केला.

मास्तर गाडी चालवायला शिकवत. एक जुनी गाडी, तिच्यात त्यांच्या पायाशी बसवून घेतलेला जादा क्लच आणि ब्रेक, आणि बावीस वर्षांचा अनुभव, एवढ्यावर त्यांची शाळा चालली होती. शिकवण्याच्या पद्धती दोनच. पहिली म्हणजे एका वेळी एकच गोष्ट करायची. आरसा बघताना आरसा, गिअर टाकताना गिअर. दुसरी म्हणजे विद्यार्थ्याशी खोटं बोलायचं नाही. गाडी वाकडी लागली तर ते "वाकडी लागली" म्हणत, मग समोर कुणीही असो. या दुसऱ्या पद्धतीपायी त्यांनी काही विद्यार्थी गमावले होते, पण खोटं बोलून एकही राखला नव्हता.

बाई ग्रंथालयात होत्या. ग्रंथालयाची पुस्तकं घेऊन गावोगाव फिरणारी एक गाडी होती. तिचा ड्रायव्हर निवृत्त झाला आणि गाडी अंगणात उभी राहिली. नवा माणूस मिळेना, तेव्हा "मीच शिकते" असं बाई भर बैठकीत बोलून बसल्या. त्यानंतर त्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या, दोन्ही वेळा एकाच ठिकाणी. दोन खांबांच्या मध्ये गाडी मागे घेऊन लावायची, म्हटलं की बाईंची गाडी हमखास एका खांबाला टेकायची.

आता तिसऱ्या परीक्षेला नऊ दिवस उरले होते, म्हणजे धडे नऊ. आणि मास्तरांना त्या नऊ धड्यांत एकदा तरी बाईंना विचारायचं होतं, "बाई, चहा घ्यायचा का?" चार शब्द. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत मास्तरांना सकाळचे सात कधी वाजतात याची वाट बघावीशी वाटली नव्हती. ती आता वाटत होती. ते चार शब्द त्यांनी गाडीच्या आरशात बघून पाठ केले होते. पण रोज काच खाली जायची आणि शब्द राहून जायचे. आपल्या शेजारी खिडकी लावून बसवत नाही अशा बाईला चहाला कोणत्या तोंडाने विचारायचं?

त्या दिवशी मास्तर बाकीच्यांकडेही बारकाईने बघू लागले, आणि बघितलं ते काही बरं नव्हतं. अकराच्या धड्याचे कॅशियर गाडीत बसले की काच खाली. शिवाय हल्ली ते अंगावर इतकं अत्तर ओतून येत, की मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. दुपारची कॉलेजातली मुलगी तर काच खाली करून डोकंच बाहेर काढायची. इतके दिवस मास्तरांना वाटत होतं, पोरीला मागचं बघायची चांगली शिस्त लागली आहे. एकूण पाच विद्यार्थी आणि पाचही काचा खाली. या पाचही धड्यांत सारखं असलेलं माणूस एकच होतं, आणि ते मफलर गुंडाळून बसलं होतं.

संध्याकाळी त्यांची लेक वह्या तपासत बसली होती. ती कोपऱ्यावरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मास्तर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"मला वास येतो का गं?"

"कसला?"

"कसला म्हणजे? माणसाचा."

लेकीने पेन ठेवलं, उठून जवळ आली आणि दोन-तीनदा हुंगलं. "साबणाचा येतोय. थोडा पेट्रोलचा."

"नीट घे."

"नीटच घेतला, बाबा. नाही येत."

"तुला सवय झाली असेल. घरच्यांना कळत नाही."

"ते मात्र खरंय," लेक म्हणाली आणि खाली बसली. तिच्यातली शिक्षिका जागी झाली, हे मास्तरांना तिच्या आवाजावरून कळलं. "रोज एकच वास घेतला की नाक तो सांगायचंच सोडून देतं. आणि घामाचं म्हणाल, तर घामाला स्वतःचा असा वास नसतोच फारसा. कातडीवरचे जंतू घाम खातात, त्यातून वास सुटतो. धावून आलेल्या माणसाचा घाम बराचसा पाणीच असतो. पण घाबरलेल्या माणसाच्या काखेतून जो घाम येतो ना, तो दाट. जंतूंची चंगळ. त्यात कपडा नायलॉनचा असला की संपलंच. तो वास धरून बसतो, सोडत नाही."

"मग करायचं काय?"

"रोज साबण लावून नीट धुवायचं आणि कोरडं करायचं. सुती कपडे, तेही खडखडीत उन्हात वाळवलेले. आंघोळीनंतर तुरटी फिरवा. कच्चा कांदा-लसूण थोडे दिवस कमी करून बघा, पाणी भरपूर प्या. काही लोक लिंबू नाहीतर खायचा सोडाही लावतात, पण त्याने कातडी हुळहुळते, ते नका करू. आणि एकेक करून बघा, म्हणजे कशाने फरक पडला ते कळेल."

मास्तरांनी हे सगळं अगदी मन लावून ऐकलं. फक्त "नका करू" आणि "एकेक करून" हे दोन तुकडे तेवढे त्यांच्या कानांवरून गेले. नऊच धडे उरले असताना एकेक काय करत बसायचं? बावीस वर्षं लोकांना "एका वेळी एकच" म्हणून ओरडणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी क्लच, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर एकदमच दाबले.

सुरुवात लिंबापासून झाली. मास्तरांनी आधी काखा वस्तऱ्याने साफ केल्या आणि मग वर अर्धं लिंबू चोळलं. चोळताना काही वाटलं नाही. गाडी मुख्य चौकात पोहोचली तेव्हा वाटलं. घाम फुटला, लिंबू जागं झालं, आणि मास्तरांच्या दोन्ही काखांत अशी आग झाली, की त्यांचा पाय आपोआप आपल्या ब्रेकवर गेला आणि गाडी भर चौकात कचकन थांबली. मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न दाबून ठेवला.

"माझं काय चुकलं?" बाई घाबरून म्हणाल्या.

"तुमचं काही चुकलं नाही," मास्तर दात आवळून, दोन्ही हात अंगापासून लांब धरून म्हणाले. "पाय पडला."

बाईंनी त्यांच्या वाकड्या झालेल्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि गाडी पुन्हा चालू केली. त्या दिवसापासून प्रत्येक चौकाच्या आधी त्या गाडी हळू करून दोन्हीकडे बघू लागल्या.

लिंबू सुटलं आणि सोडा आला. नवा सुती शर्ट नेमका काळ्या रंगाचा होता, त्यावर पांढरं उठून दिसायचं, हा काही सोड्याचा दोष नव्हता. आरसा नीट करायला मास्तरांनी हात वर केला, तशी बाहीतून पांढरी भुकटी गिअरच्या दांड्यावर पडली.

"मास्तर, तुमच्या बाहीतून पीठ पडतंय."

खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. "पीठ नाही, बाई. सोडा आहे."

"खायचा?"

"हो."

"अच्छा," बाई म्हणाल्या. माणूस बाहीत खायचा सोडा का बाळगतो, हे त्यांनी विचारलं नाही. पुढचा अर्धा तास त्या दाराला चिकटून बसून गाडी चालवत राहिल्या.

मग कुणीतरी किराणा दुकानात सांगितलं, शर्ट व्हिनेगरच्या पाण्यातून काढावा, वास मुळासकट जातो. जातो हे खरं, पण शर्ट वाळावा लागतो. धुक्याच्या दिवसांत मास्तरांचा शर्ट वाळला नाही, आणि ते तसाच दमट घालून गेले. अकराच्या कॅशियरांनी गाडीत बसता बसता विचारलं, "आज जेवण लवकर झालं वाटतं. सॅलड होतं का?" आणि काच खाली केली. बाईंनी नुसता एक मोठा श्वास घेतला आणि नाक खिडकीकडे वळवलं.

पाण्याची तर गोष्टच वेगळी. भरपूर प्या म्हटल्यावर मास्तर सातच्या आत तांब्याभर पाणी पोटात घालून निघू लागले. साडेसातपर्यंत त्यांचा जीव कासावीस व्हायचा. गावाबाहेरच्या रस्त्यावर सोय असते ती पेट्रोल पंपांवर, म्हणून धड्याचा मार्गच या पंपापासून त्या पंपापर्यंत असा ठरू लागला.

"बाई, इथे जरा गाडी लावा."

"इथे? त्या दोन ट्रकच्या मध्ये?"

"लावा लवकर."

बाई आरशात बघत, ओठ चावत गाडी मागे घ्यायच्या. गाडी पुरती थांबायच्या आत मास्तर दार उघडून पळत सुटायचे. परत येऊन बसायचे, दोन-तीन किलोमीटर जायचे, की पुन्हा, "बाई, इथे जरा." हवा भरायच्या यंत्राच्या आणि भिंतीच्या मध्ये, टँकरच्या मागे, ओळीत उभ्या रिक्षांच्या फटीत. एका धड्यात चार वेळा, कधी सहा वेळा. "परत?" असं बाई पहिल्या दिवशी म्हणाल्या. नंतर त्यांनी तेही सोडलं. त्यांचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. आणि काच तळाशीच होती.

शेवटच्या धड्याच्या आदल्या दिवशी गाडी थांबल्यावर बाई उतरल्या नाहीत. हात मांडीवर ठेवून समोर बघत म्हणाल्या, "मास्तर, एक विचारू? रागावू नका. परीक्षेपर्यंत मला दुसरे कुणी शिक्षक मिळतील का?"

मास्तर त्यांच्याकडे वळले. "माझं काही..."

"तुमचं काहीच नाही. तुम्ही फार चांगले आहात. कारण आहे, पण ते सांगता येण्यासारखं नाही."

सांगता येण्यासारखं नाही असं कारण जगात एकच असतं, आणि ते मास्तरांना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी खिशातून कागद काढला, वरच्या रस्त्यावरच्या गाडी शिकवणाऱ्या शाळेचा नंबर लिहिला आणि बाईंच्या हातात दिला. अक्षर जरा वाकडं आलं. ते चार शब्द त्या दिवशी त्यांनी आरशात बघूनही म्हटले नाहीत.

घरी आल्यावर लेकीने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. त्यांनी तो सरकवला.

"कशाचाच उपयोग नाही गं. सगळं केलं."

"सगळं एकदम?"

मास्तरांनी मान डोलावली. लेकीला त्यांचा चेहरा बघून पुढचं भाषण द्यावंसं वाटलं नाही. ती नुसती त्यांच्या शेजारी बसून राहिली.

पण वरच्या रस्त्यावरच्या शाळेत महिनाअखेरपर्यंत जागाच नव्हती. त्यामुळे परीक्षेच्या दिवशी बाई मास्तरांच्याच गाडीजवळ उभ्या होत्या, त्यांची नजर चुकवत. दुपारच्या मुलीचीही परीक्षा त्याच दिवशी होती. परीक्षेच्या वेळी शिकवणाऱ्याने गाडीत बसायचं नसतं. मास्तर मैदानाच्या कडेला भिंतीला टेकून उभे राहिले, आणि त्यांच्या जागेवर परीक्षक जाऊन बसले.

बाईंनी बेल्ट लावला, आरसा बघितला, गाडी चालू केली. चौकाच्या खुणेपाशी हळू झाल्या, दोन्हीकडे बघितलं. मग त्या दोन खांबांपाशी आल्या. मास्तरांनी भिंत घट्ट धरली. गाडी सरळ मागे गेली, वळली आणि दोन खांबांच्या बरोबर मध्ये जाऊन थांबली, जणू तिथे रोजचीच उठबस होती. टँकर आणि भिंत यांच्यातून गेलेल्या बाईला दोन बांबूंचं काय भय? मास्तरांना एकदम भरून आलं.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की गाडीच्या चारही काचा खाली होत्या.

परीक्षकांनी स्वतःच्या बाजूची केली होती, मागे हात घालून मागच्याही केल्या होत्या. आणि मास्तर तर इथे, पन्नास पावलांवर उभे होते. त्यांच्या मनावरचा नऊ दिवसांचा दगड खाली पडला. म्हणजे आपला वास नव्हे. पाठोपाठ दुसरा विचार आला, म्हणजे मग बाईंचा. मास्तरांनी त्या विचाराकडे क्षणभर नीट बघितलं आणि त्यांना कळलं, की त्यांना त्याचं काहीही वाटत नव्हतं. येत असेल तर येऊ दे. सकाळी सात वाजता शेजारी बसलेली असली म्हणजे झालं.

एवढ्यात बाई उतरल्या आणि मुलगी चढली. काचा खालीच राहिल्या, मुलीने डोकं बाहेर काढलं आणि परीक्षकांनी रुमाल नाकाला लावला. आता गाडीत मास्तर नव्हते आणि बाईही नव्हत्या.

मुलगी परत आली तशी मास्तर गाडीकडे धावले. त्यांनी दार उघडलं, सीट हुंगली, पायपुसणं उचलून हुंगलं, छताला नाक लावलं.

"मास्तर, काय शोधताय?"

मागे बाई उभ्या होत्या. पास झाल्याचा कागद हातात होता आणि तोंडावर आनंदाचं नाव नव्हतं.

"वास, बाई. वास कुठून येतोय ते बघतोय."

बाईंनी खाली बघितलं. "नका शोधू. माझाच आहे तो. मला ठाऊक आहे."

"तुमचा?"

"गाडीत बसले की येतो. उतरले की जातो. घाबरून घाम सुटतो ना मला. काय नाही केलं मी. महिनाभर लसूण सोडलाय, पर्समध्ये तुरटी ठेवते, थंडीत नुसते सुती कपडे घालते. तुम्ही बिचारे तोंडाने काही बोलला नाहीत, पण मला कळत नव्हतं का? त्या दिवशी चौकात ब्रेक दाबलात, तोंड असं करून. मग गाडीत सोडा टाकायला लागलात, वास ओढून घेतो म्हणून. मग व्हिनेगर. शेवटी तर दर दोन किलोमीटरला गाडीतून उतरून पळायचात, मोकळ्या हवेसाठी. म्हणून म्हटलं, दुसरा शिक्षक बघावा. तुमचे हाल बघवेनात."

मास्तर चालकाच्या सीटवर बसले. थोड्या वेळाने त्यांना हसू फुटलं आणि मग ते आवरेना. हसत हसत त्यांनी लिंबाचं सांगितलं, सोड्याचं सांगितलं, शर्टाचं सांगितलं. पाण्याचं सांगताना ते थोडे अडखळले, पण सांगितलं. बाई आधी थक्क झाल्या आणि मग गाडीच्या टपावर हात टेकून डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"पण मग वास कुणाचा?" बाई म्हणाल्या.

मास्तरांचा हात सवयीने बेल्टकडे गेला होता. चालकाचा बेल्ट. बावीस वर्षांत त्यांनी सीटची कव्हरं धुतली होती, पायपुसणी झोडपली होती, काचा रोज पुसल्या होत्या. बेल्ट धुवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तो हातभर बाहेर ओढला आणि नाकाशी धरला.

ते कुणा एका माणसाचं काम नव्हतं. पहिला चढ, पहिला ट्रक, पावसातलं पहिलं वळण, पहिली परीक्षा. गाडी घेतल्यापासून तिच्यात जे जे कुणी घाबरून बसलं होतं, त्या सगळ्यांचा घाम त्या नायलॉनने इमानाने धरून ठेवला होता. प्रत्येकाच्या बरोबर नाकाखालून तो गेला होता आणि प्रत्येकाला वाटलं होतं, हा आपलाच. मास्तरांना अत्तरात न्हाऊन येणारे कॅशियर आठवले आणि त्यांची कणव आली.

"घ्या," ते म्हणाले आणि बेल्ट बाईंपुढे धरला. बाईंनी हुंगला आणि डोळे मिटून घेतले.

"माझा यात थोडासाच आहे," त्या म्हणाल्या. महिन्याभरात त्या पहिल्यांदाच इतक्या मोकळ्या दिसत होत्या.

त्या दुपारी मास्तरांनी धडे रद्द केले. गाडी घराच्या अंगणात उभी केली, बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि परत आत जाऊ नये म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावला. लेकीने बादलीत कोमट पाणी आणि साबण घेतला. उरलेला सोडा होता, तोही घातला. बाईंनी बाह्या वर केल्या आणि ब्रश हातात घेतला. पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं करडं, चौथं बऱ्यापैकी स्वच्छ. शेवटी मास्तरांनी बेल्टवर व्हिनेगरचा हात फिरवला आणि पुन्हा साध्या पाण्याने धुतला. नऊ दिवस चुकीच्या ठिकाणी लावलेली औषधं अखेर बरोबर जागी लागली.

धुकं केव्हाच विरलं होतं, स्वच्छ ऊन पडलं होतं. गाडीचं दार उघडं ठेवून त्यांनी बेल्ट दारावरून बाहेर ताणला.

"बेल्ट ओला असताना गाडी न्यायची नाही," मास्तर म्हणाले. "मी सोडायला येणार होतो तुम्हाला. आता वाळेपर्यंत थांबावं लागेल."

"थांबते की," बाई म्हणाल्या.

मग मास्तरांनी घसा साफ केला, आरसा नसतानाही समोर बघितलं आणि ते चार शब्द एकदाचे म्हणून टाकले. बाई म्हणाल्या, "घ्यायचाच. साखर थोडी कमी." लेकीने चहा टाकला आणि तिला एकाएकी पुष्कळ वह्या तपासायच्या आहेत असं आठवून ती आत निघून गेली.

अंगणात दोन खुर्च्या टाकून दोघं बसले. पुस्तकांची गाडी कोणत्या गावी आधी न्यायची, तिचा गिअर जड आहे तो कसा टाकायचा, लहान मुलांना कसली पुस्तकं लागतात, अशी बोलणी निघाली. चहा एकदा झाला, दुसऱ्यांदा झाला. ऊन अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलं.

"बघता का जरा, वाळला का?" बाईंनी विचारलं.

मास्तर उठले. त्यांनी बेल्ट वरपासून खालपर्यंत बोटांनी चाचपला. तो खडखडीत वाळला होता आणि त्याला फक्त उन्हाचा वास येत होता. बावीस वर्षांत विद्यार्थ्याशी कधी खोटं न बोललेले मास्तर वळून म्हणाले, "अजून ओला आहे."

बाई उठून आल्या. त्यांनीही बेल्ट दोन बोटांत धरून पाहिला आणि परत खुर्चीत जाऊन बसल्या.

"हो," त्या म्हणाल्या, "बराच ओला आहे."